ताप उतरला, निदान राहिले

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला तीन-चार आठवडे ताप येत असेल, रात्री घामाने अंथरूण भिजत असेल आणि वजन घटत असेल, तर डॉक्टरच्या मनात पहिले नाव क्षयाचे येते, आणि ते योग्यच आहे. एचआयव्हीबाधितांचे सर्वाधिक बळी क्षयच घेतो. तिथे हयगय करून चालत नाही. माझे म्हणणे आहे ते पुढच्या पायरीबद्दल. थुंकीची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह येते, छातीच्या एक्स-रेत फारसे काही दिसत नाही, तरी लक्षणांवरून क्षयाची औषधे सुरू होतात. दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो आणि फाइलवर ‘टीबी’ कायमचा लिहिला जातो. ‘औषधाने गुण आला, म्हणजे टीबीच होता’ हा तर्क आपल्याकडे इतका रुळला आहे की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. ब्रुसेलोसिसच्या, म्हणजे ब्रुसेला या जंतूच्या आजाराच्या, बाबतीत मात्र तो साफ फसवा आहे. क्षयाच्या सुरुवातीच्या चार औषधांपैकी रिफाम्पिसिन हे ब्रुसेलावरचेही मुख्य औषध आहे, त्यामुळे ताप दोन्ही आजारांत उतरू शकतो. पण एकट्या रिफाम्पिसिनने ब्रुसेलाचे जंतू पुरते जात नाहीत. काही काळाने ताप, कंबरदुखी, सांधेदुखी परत येते, आणि मग संशय येतो तो औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा, नाहीतर ‘गोळ्या नीट घेतल्या नाहीत’ म्हणून थेट रुग्णाचा. हा दुसरा संशय मला अधिक क्रूर वाटतो, कारण एचआयव्ही असलेल्या माणसाला असा ठपका आधीच पुष्कळदा सोसावा लागलेला असतो.

ब्रुसेला हा जनावरांकडून माणसात येणारा जंतू. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी माल्टात मरण पावलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेतून तो वेगळा केला, आणि पुढे थेमिस्टोक्लीस झामित यांनी तेथील शेळ्यांमध्ये त्याचा माग काढला. आपल्या गोठ्यांना हा आजार नवा नाही. गाय किंवा म्हैस गाभणपणाच्या शेवटच्या तिमाहीत गाभडते, वार अडकून राहते, तेव्हा पशुवैद्यकाला जे आजार आधी आठवतात त्यांत सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस, असतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुताबरोबर हाच आजार घेतला गेला आणि चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना लस देणे सुरू झाले. एचआयव्हीबाधितांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. ज्या सांगली-सोलापूर पट्ट्यात दारोदारी जनावरे आहेत, त्याच पट्ट्यात एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रांवरही रांगा आहेत. हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहायची सवय आपल्या वैद्यकाला नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की आपल्याकडे दूध उकळूनच पितात. ते बहुतांशी खरे आहे, आणि त्या सवयीने आपल्याला पुष्कळ वाचवलेही आहे. पण आजाराने खंगलेल्या माणसाला ताकद यावी म्हणून धारोष्ण दूध, त्यातही शेळीचे, मायेने पाजले जाते ते याच घरांत. शिवाय दूध ही एकच वाट नाही. गाभडलेल्या जनावराच्या वारेत आणि गर्भाच्या पाण्यात हे जंतू प्रचंड संख्येने असतात. उघड्या हाताने वार ओढणारा, मेलेले वासरू उचलून टाकणारा, मेंढ्यांची वेते सांभाळणारा मेंढपाळ, खाटीक, जनावरांना लस टोचणारा कर्मचारी या सगळ्यांना ते हातावरच्या चिरेतून, डोळ्यांतून, श्वासातून गाठू शकतात. एस-१९ ही वासरांची लस जिवंत जंतूंची असते. तिची सुई चुकून हाताला टोचली तरी माणसाला लागण होऊ शकते. म्हणून ‘दूध उकळून पिता का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘घरी किंवा कामावर जनावरे आहेत का? गेल्या काही महिन्यांत एखादे गाभडले का? वार कोणी काढली?’ हे विचारायला मिनिटभर लागते. एआरटी केंद्रावरच्या गर्दीत डॉक्टरला तेवढीही उसंत नसेल, तर हे काम समुपदेशक करू शकतो. तो रुग्णाच्या घरच्यांना आधीपासून ओळखत असतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. एचआयव्हीमुळे ब्रुसेलोसिस वाढतो, असा भक्कम पुरावा नाही. स्पेनमधून १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या लहानशा रुग्णमालिकेत एचआयव्हीबाधित रुग्णांमधले आजाराचे रूप इतर रुग्णांसारखेच आढळले होते. मग स्वतंत्र काळजी कशाला? तर एचआयव्ही आजाराला नव्हे, निदानाला वेगळे वळण देतो म्हणून. ब्रुसेलोसिसमध्ये पांढऱ्या पेशी कमी होतात, रक्त कमी होते, यकृताचे आकडे थोडे वाढतात. इतर रुग्णात हे शोधाचे निमित्त ठरते. इथे त्यातली प्रत्येक गोष्ट विषाणूच्या किंवा औषधांच्या खात्यावर मांडून मोकळे होता येते. यकृताच्या किंवा अस्थिमज्जेच्या तुकड्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचा बारीक पुंजका, दिसला की क्षय पक्का मानला जातो. पण ग्रॅन्युलोमा ब्रुसेलातही होतो, आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल तर क्षयाचा ग्रॅन्युलोमाही अर्धवट, त्याची ओळखीची खूण नसलेला असू शकतो. मणक्याचेही तसेच. क्षय बहुधा पाठीचे मणके धरतो आणि ते ढासळवतो, ब्रुसेला बहुधा कमरेचे धरतो आणि मणक्याचा घाट बराच काळ टिकतो. तरी एमआरआय पाहून छातीठोक सांगता येईल, इतका तो फरक नेमका नसतो.

तपासण्यांत कुठे ठेच लागते, ते पाहू. रोझ बेंगॉल ही सोपी तपासणी. पांढऱ्या पट्टीवर रक्तद्रवाचा एक थेंब आणि गुलाबी अँटीजेनचा एक थेंब मिसळून पट्टी चार मिनिटे हलवत राहायचे; बारीक गुठळ्या धरल्या तर पॉझिटिव्ह. पण ही तपासणी जंतू पाहत नाही, जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे पाहते. प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी फार घटलेल्या असतील तर प्रतिपिंडे बेताचीच तयार होऊ शकतात. उलट एचआयव्हीत शरीर भलतीसलती प्रतिपिंडेही भरमसाट बनवत असते. शिवाय येर्सिनियासारख्या जंतूंमुळे खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि वर्षानुवर्षे गोठ्यात राबलेल्याच्या रक्तात जुन्या संपर्काची प्रतिपिंडे असू शकतात. नळीतल्या तपासणीत १:१६० हे प्रमाण सर्रास सीमारेषा मानतात, तेही या पार्श्वभूमीवरच वाचले पाहिजे. प्रतिपिंडे अतोनात असली, तर कमी पातळ केलेल्या नळ्यांत गुठळ्याच धरत नाहीत. प्रयोगशाळेने द्रव पुरेसा पातळ करत नेला नाही, तर जोरदार पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह ठरतो. म्हणून एका अहवालावर हो किंवा नाही म्हणू नये. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. प्रमाण चौपट झाले तर त्याला अर्थ आहे.

खरा भरवसा कल्चरचा, आणि माझ्या सांगण्याचा गाभा हाच आहे: पहिली गोळी पोटात जाण्याआधी रक्त कल्चरला गेले पाहिजे. दोन-तीन वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर. क्षयाचे औषध लांबवा असे मी म्हणत नाही. रक्त काढायला दहा मिनिटे लागतात, औषध त्याच दिवशी सुरू करता येते. सीडी-४ कमी म्हणून रोज कोट्रायमॉक्साझोल घेणाऱ्यांनी ते चिठ्ठीवर लिहायला लावावे, कारण ते औषध ब्रुसेलावरही चालते आणि कल्चर रिकामे येण्याचे कारण ठरू शकते. रक्तातून काही मिळाले नाही आणि शंका उरली, तर अस्थिमज्जेच्या कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता अधिक. ‘ब्रुसेलाची शंका’ हे शब्द मात्र चिठ्ठीवर हवेतच. स्वयंचलित यंत्रात जंतू बहुधा आठवडाभरात वाढतो, पण शंका कळवली तर प्रयोगशाळा बाटली लवकर फेकत नाही. यंत्राने त्याला भलत्याच निरुपद्रवी जंतूचे नाव दिले, तर तंत्रज्ञ ते पडताळून पाहतो. आणि तो हे काम उघड्या टेबलावर न करता सुरक्षा कॅबिनेटमध्ये करतो, कारण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना लागण देणाऱ्या जंतूंत हा फार वर आहे.

काही डॉक्टर म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, शंका आली तर डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन सहा आठवडे देऊन टाकू. हे उलट्या बाजूने तितकेच धोक्याचे आहे. आत क्षय लपलेला असेल, तर त्याच्यावर चालणारे एकटे रिफाम्पिसिन जाते आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा क्षय आपल्याच हाताने तयार होतो. क्षय नाही याची खात्री होत नाही तोवर डॉक्सिसायक्लिनला सुरुवातीचे सात ते दहा दिवस जेंटामायसिनची जोड द्यावी, हे मला पटते. मात्र एआरटीत टेनोफोव्हिर असेल तर ते आणि जेंटामायसिन ही दोन्ही औषधे मूत्रपिंडावर येतात, म्हणून क्रिएटिनिन पाहत राहावे लागते. रिफाम्पिसिन द्यायचेच ठरले, तर ते एआरटीतल्या डोलुटेग्राव्हिरचे रक्तातले प्रमाण खाली आणते. मग डोलुटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा द्यावी लागते. हे एआरटी केंद्राला न कळवता बाहेरच्या डॉक्टरने परस्पर रिफाम्पिसिन सुरू केले, तर ताप जाईल आणि विषाणू डोके वर काढेल.

निदान पक्के झाल्यावर घरातल्या इतरांनाही तापाबद्दल, कंबरदुखीबद्दल, पुरुषांना वृषणाच्या सुजेबद्दल विचारावे, कारण दूध आणि गोठा सगळ्यांचा एकच असतो. पशुवैद्यकाला कळवताना रुग्णाच्या एचआयव्हीचा उल्लेख करण्याचे काहीच कारण नाही. ‘या घरात ब्रुसेला सापडला, जनावरे तपासा’ एवढे पुरते. उलटणारा आजार बहुतेक वेळा उपचारानंतरच्या सहा महिन्यांतच उलटतो. एआरटीच्या गोळ्या न्यायला रुग्ण त्या काळात येतच असतो, तेव्हा दर खेपेला ताप आणि वजन पाहून कार्डावर नोंदवून ठेवावे.