वेढ्यात घेतलेले शेत

पाठ : यिर्मया ३२:१-२५. जोडीस एज्रा २:२३ व १ पेत्र १:३-९ वाचावे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आशा ही आभाळाकडे पाहून धरली जाते. शेती बहुतेक कोरडवाहू. मृग बरसला म्हणजे घरात हुरूप येतो, पावसाने दडी मारली की तो मावळतो. २००६ साली कर्जाने गांजलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली, त्यांत आपला जिल्हा होता. २०१७ साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी व मजूर प्राणास मुकले. कर्जापायी किती घरांचा कर्ता पुरुष आत्मघाताने गेला, हे आपणांस सांगावयास नको. अशा ठिकाणी उपदेशकाने आशेविषयी काय शिकवावे?

इ. स. पूर्वी ५८७ च्या सुमारास यरुशलेमास बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता व यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. तेथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणाला, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. देश शत्रूच्या हाती जात असता शेत कोण घेईल? तरी देवाच्या आज्ञेने यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, खरेदीखत केले, साक्षीदार घेतले, आणि ते खत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या पात्रात ठेवविले. ह्यावरून तीन गोष्टी शिकाव्या.

१. आशा खोटे बोलत नाही. नगर पडणार, हे यिर्मयानेच सांगितले होते व त्यामुळेच तो कैदेत होता. म्हणून कर्जबाजारी भावास, “विश्वास ठेव, यंदा पीक येईलच,” असे सांगू नये. देवाने तसे वचन कोठेही दिलेले नाही. पीक बुडाल्यावर असल्या बोलण्याने त्याचा विश्वासही बुडतो.

२. आशा देवास प्रश्न विचारते. खत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मयाने प्रार्थना केली. तीत देवाच्या थोरवीची स्तुती आहे आणि शेवटी मनाचा गोंधळही आहे : नगर खास्द्यांच्या हाती गेले असता मला शेत घ्यावयास का सांगितलेस? देवाने ह्याबद्दल त्याला टाकून दिले नाही, उत्तर दिले. तेव्हा रडणाऱ्या विधवेस “अविश्वासी” म्हणून कोणी दुखवू नये, आणि आत्मघाताने गेलेल्याच्या घरच्यांस दोष लावू नये.

३. आशेस साक्षीदार लागतात. यिर्मयाने व्यवहार चारचौघांसमक्ष केला. आपल्याकडे कर्ज मात्र एकटा मनुष्य लाजेने उरात दडवून ठेवितो आणि तेथेच ते त्याला खाते. ज्याचे जेवण तुटले, जो बोलेनासा झाला, त्याच्या घरी मंडळीच्या वडिलांनी जावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, हे प्रेमाने व स्पष्ट विचारावे. होय म्हटल्यास त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशकाचा डबा घरातून हलवावा आणि शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेस १४४१६ ह्या क्रमांकावर बोलावे. सावकाराची वा बँकेची कागदपत्रे वाचता येणाऱ्याने त्याच्यासोबत बसून वाचावी. हेही प्रार्थनेइतकेच सेवेचे काम आहे.

यिर्मयाने त्या शेताचे पीक खाल्ल्याचे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही. पुढे लोकांनी त्याला मिसर देशात नेले. परंतु एज्राच्या पुस्तकात बंदिवासातून परतलेल्यांची गणती आहे, तिच्यात अनाथोथाची माणसे १२८ आहेत. देवाचा शब्द एका मनुष्याच्या आयुष्याहून लांब पल्ल्याचा ठरला. आपली आशा तर ह्याहूनही पुढे जाते. पेत्र सांगतो की ती जिवंत आहे, कारण ख्रिस्त मेलेल्यांतून उठला. आणि जे वतन आपणांसाठी राखून ठेविले आहे त्यास कीड लागत नाही व ते कोणाकडे गहाण पडत नाही. ज्याला हे वतन आहे, त्याने आजच्या कर्जावरून आपल्या जिवाची किंमत ठरवू नये.

वर्गात विचारावयाचे प्रश्न : (१) यिर्मयाने खत मातीच्या पात्रात का ठेवविले? (२) त्याच्या प्रार्थनेतील प्रश्न कोणता? (३) आपल्या गावात ह्या आठवड्यात कोणाच्या घरी जाणे अगत्याचे आहे, आणि कोण जाईल?