आधी वेळ विचारा, मग हॉटेल

परगावी नीट जेवायचं असेल तर 'चांगलं हॉटेल कुठलं?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, 'आत्ता ताजं काय आहे?' छत्रपती संभाजीनगरला कामानिमित्त माझं नेहमी जाणं असतं. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवायचे, मुक्काम लॉजवर आणि दोन्ही वेळचं जेवण बाहेर. या शहराने मला पोटभर आणि फार चांगलं खाऊ घातलं आहे. पण हा पहिला प्रश्न किती मोलाचा आहे, हे कळलं ते मावशीला दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा.

मावशी, काका आणि मी वेरूळला गेलो होतो. घृष्णेश्वराचं दर्शन झालं, मग लेणी. कैलास लेणं पाहताना कोणालाच भुकेचं भान राहिलं नाही. खुलताबादला भद्रा मारुतीच्या पाया पडून निघालो तेव्हा चार वाजत आले होते. परतीच्या वाटेवर एक मोठं हॉटेल दिसलं. पाटी झगझगीत, आत टेबलं रिकामी. मावशीचं पोट नाजूक, म्हणून तिने साधा जिरा राइस आणि डाळ मागवली. डाळ वाफाळती आली. भात वरून गरम होता आणि आत कोमट, शितं कडेला कडक झालेली. 'असू दे रे, दमली असतील पोरं,' असं म्हणत तिने तो संपवला. लॉजवर पोचून तास उलटला नाही तोच उलट्या सुरू झाल्या. रात्री सलाइन लावावं लागलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'भात खाल्ला होता का?' मग त्यांनी समजावून सांगितलं ते मी विसरणार नाही. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची बीजं असू शकतात आणि भात शिजला तरी ती मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास उघड्यावर कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष एकदा झालं की नंतर भात तव्यावर कितीही परता, ते जात नाही. म्हणजे 'गरम आहे ना, मग चालतंय' ही आपली घरोघरची समजूत बाहेरच्या भातापुरती तरी खोटी आहे. गरम असणं वेगळं आणि ताजं असणं वेगळं.

त्यानंतर मी हॉटेलवाल्यांशी, आचाऱ्यांशी याबद्दल बोलत गेलो. दुपारी तीन ते सहा ही बहुतेक भटारखान्यांची मेलेली वेळ. मुख्य आचारी पाठ टेकायला गेलेला असतो, तंदूर निवलेला असतो, सकाळी केलेली ग्रेव्ही पातेल्यात तळाला आलेली असते आणि रात्रीची तयारी अजून व्हायची असते. त्या वेळी एखादा पोऱ्या जे उरलंय ते परतून देतो. चांगलं नाव असलेलं हॉटेलही त्या वेळी आपलं चांगलं जेवण देऊ शकत नाही.

आणि संभाजीनगरला येणारा पाहुणा नेमका त्याच वेळी भुकेला असतो. वेरूळ शहरापासून साधारण 30 किलोमीटर, अजिंठा 100 किलोमीटरच्या घरात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. त्यामुळे दोन दिवस हाताशी असलेला माणूस सगळं कोंबून बसवतो: देवगिरी किल्ला, खुलताबाद, वेरूळ एका दिवसात, अजिंठा दुसऱ्या. जेवणाची वेळ कोणी त्यात धरतच नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की फिरण्याचा बेत आखताना जेवणाची वेळ आधी लिहा. वेरूळला सकाळी लवकर पोचा आणि साडेबारा-एकला, भटारखाना भरात असताना जेवून घ्या. ते जमणार नसेल तर सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्या. धपाटे दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात आणि मराठवाड्यातल्या माणसाला ते परके नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दौलताबादच्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या घेऊन लोक बसलेले असतात, थंडीत पेरू असतात. चारच्या भुकेला या वाटेवर याहून चांगलं काही नाही. सीताफळ आपल्या हाताने फोडायचं, पेरू धुऊन अख्खा खायचा. चिरून तिखट-मीठ लावून ठेवलेल्या फोडी मात्र नकोत.

पाण्याचंही तसंच. मलिक अंबरने 17व्या शतकाच्या सुरुवातीला नहर बांधून ज्या शहराला पाणी दिलं, त्याच शहराच्या नळाला गेली अनेक वर्षं काही दिवसांच्या अंतराने पाणी येत आलं आहे. त्यामुळे टाक्या, टँकर आणि जार यांवर हॉटेलं चालतात. साठवलेलं पाणी सगळीकडे वाईटच असतं असं नाही, पण पाहुण्याने सीलबंद बाटली घ्यावी, बर्फ टाळावा आणि आधीच चिरून ठेवलेली काकडी-कांद्याची बशी बाजूला सारावी.

वेळ सांभाळली की हे शहर काय देतं, तेही सांगतो. जुन्या शहरात, शहागंज, सिटी चौक, बुढीलेनच्या भागात नान-खलिया मिळतो. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या लवाजम्याबरोबर हा पदार्थ इथे आला असं सांगतात. फौजेला एकदम जेवू घालता यावं असा तो बेत आहे: मोठ्या देगेत मंद शिजलेलं मटण आणि भट्टीतला नान. भट्टीपाशी जरा उभे राहा. नानवाला कणकेचा गोळा थापून भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवतो आणि फुगून तांबूस झाला की लोखंडी सळईने ओढून काढतो. वरून हळदीचा पिवळा रंग, आतून मऊ, किंचित गोडसर. तो मोडून तर्रीत बुडवायचा आणि तसाच तोंडात घालायचा. इथे विचारायचं ते एवढंच: 'देग किती वाजता उघडते?' देग उघडल्यावर जा, तळ खरवडताना जाऊ नका. बसण्याआधी 'छोटे का' की 'बडे का' हेही नीट विचारून घ्या. पहिलं बकऱ्याचं, दुसरं म्हशीचं. विचारण्यात कोणाचा अपमान नसतो. दुकानदार सरळ उत्तर देतात. रमजानच्या महिन्यात घड्याळ उलटं फिरतं. दिवसा शांत असलेले हेच रस्ते रोजा सुटल्यावर जागे होतात आणि हलीम-कबाबाची खरी वेळ रात्रीची असते.

शाकाहारी माणसाने दुपारचं जेवण थाळीवर ठेवावं. क्रांती चौक, जालना रोड या पट्ट्यात राजस्थानी-गुजराती थाळीची हॉटेलं आहेत. थाळीचा फायदा असा, की दुपारी एकच्या गर्दीत भाजी पातेल्यात थांबतच नाही. पण भाकरी, पिठलं, ठेचा, येसराची आमटी हवी असेल तर खानावळ गाठा. हे विद्यार्थ्यांचं शहर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, 1958 मध्ये विद्यापीठ आलं आणि तेव्हापासून मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुलं इथे खानावळीत जेवून शिकली. महिन्याचा डबा लावलेली मुलं जिथे रोज जेवतात, तिथे शिळं फार दिवस खपत नाही. फक्त वेळ पाळा आणि रविवारी रात्री खानावळ बहुधा बंद असते हे ध्यानात ठेवा.

संध्याकाळ गुलमंडीची. तिथल्या 'उत्तम' या मिठाईच्या दुकानातली इमरती प्रसिद्ध आहे. ताटात रचून ठेवलेली घेऊ नका, घाणा पडण्याची वाट बघा. उडदाच्या पिठाची नक्षी तुपात पडते, तांबूस होते, पाकात जाते आणि तिथून थेट तुमच्या हातात येते, तेव्हा ती कुरकुरीत आणि रसाळ दोन्ही असते. तासाभराने ती नुसती गोड उरते. रात्री जेवण झालं की उस्मानपुऱ्यात तारा पानवर जा.

आता बारविषयी, कारण कामाला येणाऱ्यांना तेही लागतं. वाळूजला बिअरचे मोठे कारखाने आहेत, पण म्हणून कुठेही बसता येतं असं नाही. परवाना भिंतीवर लावलेल्या परमिट रूममध्येच बसा. पेग टेबलावर, तुमच्यासमोर मापून घ्या. रिकाम्या पोटी सुरुवात करू नका आणि जेवण दहाच्या आत मागवा, कारण उशिरा मागवलेली हंडी बहुधा पुन्हा गरम केलेलीच असते. बिनपरवान्याच्या ढाब्यावर तर बाटली उघडूच नका. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली ढाबाचालकाबरोबर पिणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो आणि परगावी कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतात. आपल्या राज्यात बिअरसाठी वय 21 आणि कडक मद्यासाठी 25 पूर्ण लागतं. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मतदानाच्या आसपासचे दिवस कोरडे असतात, हे धरूनच बेत करा. गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही, यात तडजोड नाही.

वर्षाचंही एक घड्याळ असतं. डिसेंबर-जानेवारीत आलात तर हुरडा सोडू नका. शहराबाहेरच्या शेतांवर हुरड्याची सोय असते. गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं भाजतात, तळहातावर चोळतात, फुंकर मारून फोलपट उडवतात आणि हिरवे, दुधाळ दाणे गरम गरम पुढे येतात. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. गूळभेंडी किंवा सुरती ज्वारी असेल तर गोडी आणखी. सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत.

मोबाइलवरचे तारे मीही बघतो, पण सगळ्यात नवे अभिप्राय आधी वाचतो आणि लोकांनी काय, किती वाजता खाल्लं ते शोधतो. रिक्षावाल्याला 'चांगलं हॉटेल दाखवा' म्हटलं की जिथून त्याला कमिशन मिळतं तिथे तो नेऊ शकतो. त्याऐवजी 'आत्ता या वेळी तुम्ही काय खाल, दादा?' असं विचारलं की तो विचार करून उत्तर देतो.

बिल जपून ठेवा. त्यावर अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक असला पाहिजे. 2022 पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. मावशीच्या वेळी बिल खिशात होतं म्हणूनच अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवता आली. सेवाशुल्क परस्पर बिलात लावता येत नाही. लावलं तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

एवढं करूनही कोणाचं पोट बिघडलंच तर जलसंजीवनीची पाकिटं बॅगेत असू द्या. नसतील तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे सपाट चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, माणूस गुंगत असेल, तर सकाळची वाट बघू नका. मावशीला आम्ही त्याच रात्री नेलं, म्हणून ती लवकर बरी झाली.

हा नियम फक्त या शहराचा नाही. नागपूरचे तर्री-पोहे आणि कोल्हापूरची मिसळ सकाळी खावी, कारण कढई आणि कट तेव्हा ताजे असतात. प्रत्येक गावाचं जेवण त्याच्या त्याच्या वेळेला उत्तम असतं. सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर वेळ चुकवणं परवडतच नाही. लेणी शेकडो वर्षं थांबलेली आहेत, ती आणखी तासभर थांबतील. आधी जेवून घ्या.