अंडाशयाच्या गाठीची शस्त्रक्रिया : घरी परतल्यानंतर

हिंगणा तालुक्यात एकीकडे औद्योगिक वसाहत, तर दुसरीकडे कापूस-सोयाबीनची शेती. अंडाशयातील गाठ काढून घरी परतलेल्या स्त्रीला ही दोन्ही कामे लवकरच खुणावू लागतात. जखमेतील जंतुसंसर्ग मात्र बहुधा याच काळात डोके वर काढतो. तीस दिवसांपर्यंत त्याकडे लक्ष ठेवणे आवश्यक असते.

१८०९ साली अमेरिकेतील केंटकी येथे डॉ. इफ्रेम मॅकडोवेल यांनी अशी गाठ यशस्वीपणे काढली, तेव्हा जंतूंचे ज्ञानही नव्हते. रुग्ण बचावली, हे तिचे भाग्य. आज भाग्यावर विसंबण्याचे कारण नाही.

जखमेभोवतीची लाली व सूज वाढणे, ती जागा गरम लागणे, पू किंवा दुर्गंधी येणे, टाके उसवणे, १००.४ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप येणे, ही संसर्गाची लक्षणे होत. संकोचामुळे पोटावरची जखम दाखविण्याचे टाळले जाते आणि हळद वा राख लावून वेळ दवडला जातो, हे अधिक घातक. अशा वेळी आशा सेविकेमार्फत तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे. पोटात असह्य वेदना, सतत उलट्या, पोटरीला सूज किंवा धाप असल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

जखमेला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. प्रतिजैविकांचा दिलेला क्रम अर्ध्यावर सोडू नये. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी. घरातल्या घरात चालणे हितकर. परंतु पोट उघडून शस्त्रक्रिया झाली असल्यास पाण्याच्या घागरी व कापसाची ओझी साधारण सहा आठवडे वर्ज्य. काढलेल्या गाठीचा तपासणी अहवालही रुग्णालयातून न चुकता घ्यावा.