पाडव्याचा प्रश्न

चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण गुढी उभारतो, कडुनिंब खातो, पंचांगातले वर्षफल ऐकतो. पाऊस किती, पीक किती, सारे विचारतो. पण ‘देवा, यंदा तुला आमच्याकडून काय हवे?’ हे विचारायचे राहूनच जाते.

त्याचे उत्तर पंढरीत विटेवर उभे आहे. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दारी आला, तरी त्याने हातची सेवा सोडली नाही. वीट तेवढी पुढे केली. देव रागावला का? छे! तो थांबला.

आता चैत्री एकादशी जवळ आली. वारीला जरूर निघू. पण घरी म्हातारी आई पाण्यासाठी हाका मारीत असेल, तर आधी तांब्या भरून देऊ. देवाचा हेतू तेथूनच कळू लागतो.

रामकृष्णहरि!