पक्ष्यांचे छायाचित्रण : घरी आणि प्रवासात

वडोदरा शहरातील दांडिया बाजारासारख्या जुन्या वस्तीत गच्चीवर मातीचे पसरट भांडे पाण्याने भरून ठेवले, तर आठ-दहा दिवसांत बुलबुल, साळुंकी, दयाळ आणि चिमण्या तेथे नियमाने येऊ लागतात. छायाचित्रणाचा पहिला पाठ येथेच घ्यावा, दूरच्या जंगलात नव्हे. घरी येणारा पक्षी रोज येतो. चूक झाली तरी दुसऱ्या दिवशी ती सुधारता येते. प्रवासात ती सवलत नसते.

पहिला आठवडाभर कॅमेरा बाहेर काढूच नये. पक्षी कोणत्या वेळी येतात, कोणत्या दिशेने येतात, पाण्यावर उतरण्यापूर्वी कोठे बसतात, एवढेच पाहावे. बहुतेक पक्षी थेट पाण्यावर उतरत नाहीत. जवळच्या फांदीवर बसून आधी कानोसा घेतात. म्हणून भांड्याशेजारी एक वाळकी डहाळी रोवावी. तिच्यामागील भिंत दहा-बारा फूट दूर असल्यास ती चित्रात अस्पष्ट होते आणि पक्षी उठून दिसतो. सकाळचे ऊन छायाचित्रकाराच्या पाठीमागून यावे. खिडकीच्या काचेतून चित्र घेऊ नये. पडद्यास फट ठेवून भिंग तेथून रोखावे आणि त्याखाली वाळू किंवा मूग भरलेली कापडी पिशवी ठेवावी. हा आधार महागड्या तिपाईच्या तोडीचा ठरतो. भांडे रोज घासून पाणी बदलणे अगत्याचे आहे, कारण साचलेल्या घाण पाण्यातून एका पक्ष्याचा रोग दुसऱ्यास जडतो.

प्रकाशाचे मोजमाप करताना नवशिक्याची एकच चूक वारंवार होते. कॅमेऱ्यातील यंत्रणा समोरचे सर्व दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे गृहीत धरते. काळसर पाण्यावरील पांढरा बगळा त्यामुळे चित्रात नुसता पांढरा डाग होऊन बसतो, आणि उजळ आकाशापुढील कोतवाल पक्षी काळ्या कागदाच्या तुकड्यासारखा दिसतो. पहिल्या वेळी प्रकाश कमी घ्यावा, दुसऱ्या वेळी वाढवावा. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहून जलद गती ठेवावी. केंद्रीकरण नेहमी डोळ्यावर असावे. शेपूट किंचित अस्पष्ट असली तरी चालते, डोळा अस्पष्ट असला तर चित्र वाया जाते.

घरचा अभ्यास पुरेसा झाल्यावर डभोई तालुक्यातील वढवाणा तलावाकडे वळावे. बडोदा संस्थानाने १९१० च्या सुमारास शेतीस पाणी देण्यासाठी हा तलाव बांधला. त्या वेळी गादीवर असलेले महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. गहू-भाताच्या शेतांनी वेढलेले हे पाणी पाटबंधाऱ्याच्या हेतूने अडविले गेले, आणि हिवाळी पाहुण्यांनी ते आपलेसे केले. २०२१ मध्ये त्याची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाली. मध्य आशियाच्या उड्डाणमार्गाने येणाऱ्या ८० हून अधिक जातींचे पाणपक्षी येथे आढळतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, तसेच पश्चिम भारतात विरळ असणारी मोठी लालसरी हिवाळ्यात येथे दिसते.

येथे सूर्योदयापूर्वी पोहोचून एका जागी बसून राहावे, चालत जवळ जाऊ नये. काठावरील कादंबांचा थवा चरत असेपर्यंत सर्व ठीक असते. एकाने मान ताठ केली आणि पाठोपाठ इतरांनीही केली, की अंतर फार कमी झाले असे समजावे. या वेळी मागे सरकणारा छायाचित्रकार विरळा. बहुतेक जण आणखी दोन पावले पुढे टाकतात आणि थवा उडतो. हजारो मैलांच्या प्रवासानंतर शरीरात साठवायची चरबी अशा उठाठेवीत खर्ची पडते. शेतात नांगर चालू असताना बगळे मात्र अगदी पायाजवळ येतात. नेहमीच्या कामातील माणसाला पक्षी भीत नाहीत, टक लावून येणाऱ्याला भितात. हे त्या भागातील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

घरट्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पूर्वीच्या अवजड कॅमेऱ्यांना दूरचा पक्षी टिपणे शक्य नव्हते. पक्षी हमखास परतून येईल अशी जागा एकच, ती म्हणजे घरटे. इंग्लंडमधील कीर्टन बंधूंनी त्यासाठी १९०० मध्ये बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून त्यात दडून बसण्याचा प्रयोग केला. भारतात रेल्वेच्या नोकरीत असलेले ई. एच. एन. लोथर यांनीही पक्षी-छायाचित्रणात दीर्घ काळ घालविला. त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. एरिक हॉस्किंग यांनी तर १९३७ मध्ये घरट्याजवळ घुबडाच्या हल्ल्यात एक डोळा गमावला. आज ४०० मिलिमीटरचे भिंग दूरचे पक्षी जवळ आणते. जुन्या छायाचित्रकारांची अडचण संपली, त्यांची खोड तेवढी मागे राहिली.

टिटवीचे उदाहरण घ्यावे. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि उन्हाळ्यात पोटाची पिसे पाण्यात भिजवून अंड्यांना गारवा देते. माणूस अर्धा तास जवळ उभा राहिला, तर तितका वेळ ती ओरडत आकाशात फिरते व अंडी उन्हात तापतात. कावळेही माणसाच्या हालचालीवर नजर ठेवून असतात. चित्र स्वच्छ यावे म्हणून घरट्यावरील फांदी बाजूला सारणे म्हणजे सावली आणि आडोसा दोन्ही काढून घेणे होय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांस उपद्रव देण्याचाही समावेश आहे. अभयारण्यातील छायाचित्रणासाठी कलम २८ अन्वये अनुज्ञा लागते. २०२२ च्या दुरुस्तीनुसार असे छायाचित्रण अधिवासात बदल न करता व वन्यजीवांस अपाय न होता व्हावयास हवे.

वडोदऱ्यास हिवाळ्यात जाणाऱ्यांनी उत्तरायणाचे दिवस ध्यानी ठेवावेत. १४ जानेवारीच्या आगेमागे पतंगांच्या मांज्याने पुष्कळ पक्षी जखमी होतात. असा पक्षी दिसल्यास चित्र काढीत न बसता त्यास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये, आणि गुजरात शासनाच्या करुणा अभियानाच्या जवळच्या केंद्रावर पोहोचवावे.

प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, स्थळ आणि पक्ष्यांची संख्या लिहून ठेवावी. काही पट्टकादंबांच्या गळ्यात अभ्यासकांनी क्रमांकाचे पट्टे घातलेले असतात. दुरून घेतलेल्या चित्रातही तो क्रमांक वाचता आला, तर पक्षी न पकडता त्याचा प्रवास समजतो. अशी नोंद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवावी. शाळेत अशी वही शिक्षकांनी ठेवली, आणि त्याच तळ्यावर दरवर्षी त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना नेले, तर पाच-सहा वर्षांत कोणता पक्षी लवकर येऊ लागला आणि कोणता येईनासा झाला, हे गावच्या मुलांनाच प्रथम कळेल.