अर्थशास्त्रासाठी पुणे की दिल्ली?

प्रश्न (अचलपूर) : बी.ए. नंतर अर्थशास्त्रासाठी गोखले संस्था बरी की दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स?

उत्तर : दोन्ही संस्थांचा पिंड वेगळा. पुण्याची गोखले संस्था १९३० ची. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी-प्रवरा कालव्यांचा शेतीच्या अर्थकारणावर झालेला परिणाम प्रत्यक्ष पाहणीतून तपासला. कापूस, तूर, सहकार यांत रस असलेल्या वऱ्हाडी विद्यार्थ्याला ही वाट जवळची.

दिल्ली स्कूल १९४९ चे. अमर्त्य सेन, मनमोहन सिंग तिथे शिकवत. तिथला भर सिद्धांतावर, आणि खरी मेख गणितात. कलनशास्त्र, सांख्यिकी कच्ची असेल तर पहिल्याच सत्रात दमछाक होते, नुसत्या बी.ए.च्या नोट्सवर निभावत नाही. पुण्यालाही गणित चुकत नाहीच. परदेशात पीएच.डी. करायची असेल तर मात्र दिल्ली उजवी.