तिला बाळंतपणाबद्दलही विचारा

सातारा-कराड पट्ट्यात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. बायकांचा हृदयविकार मशीनवर दिसायच्या आधी बोलण्यात सापडतो. फक्त काय विचारायचं ते ठाऊक हवं. तरुण डॉक्टरांनी हे वाचावं, आणि आईला, बायकोला, सुनेला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या घरच्यांनीही.

१. ती ‘पित्त झालंय’ म्हणाली तरी ईसीजी काढा

झटका आलेल्या बहुतेक बायकांच्याही छातीत दुखतंच, पण त्या सुरुवात तिथून करत नाहीत. मळमळतंय, पाठ भरून आलीय, जबडा दुखतोय, अंगातलं त्राण गेलंय, हे आधी सांगतात. छातीचं विचारल्यावर कळतं, तेही ‘थोडं आवळल्यासारखं’ एवढंच. रात्रभर ओवा आणि सोडा घेऊन, सकाळी सगळ्यांचे डबे भरून मग दवाखान्याची पायरी चढलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी १० मिनिटांत निघावा, असा नियम आहे. मधुमेह असलेल्या किंवा पाळी गेलेल्या बाईच्या बाबतीत मी तो पित्तालाही लावते. पहिला ईसीजी चांगला आला तरी ट्रोपोनिनची तपासणी आणि दुसरा ईसीजी होईपर्यंत तिला थांबवून घेते.

२. बाळंतपणाची फाईल हृदयाचीही असते

पन्नाशीच्या बाईला मी विचारते, ‘ताई, दिवस गेले होते तेव्हा बीपी वाढलं होतं का? अंगावर सूज, झटके? साखर निघाली होती? बाळ वेळेआधी झालं?’ बरोबर आलेला मुलगा गोंधळतो. हार्टच्या डॉक्टरला याचं काय?

याचं फार आहे. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, म्हणजे प्री-एक्लॅम्प्शिया झाला, तर पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. कायमचं बीपी जडण्याचा त्याहूनही जास्त. गरोदरपणातली साखर बाळंतपणानंतर बहुधा उतरते, पण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ साली या दोन्ही गोष्टी स्त्रियांच्या हृदयविकाराच्या धोक्यांत धरल्या.

आपल्याकडे बाळंतीण घरी जाते, बाळाचं लसीकरणाचं कार्ड जपून ठेवलं जातं आणि आईची फाईल ट्रंकेत जाते. स्त्रीरोगतज्ज्ञाचं काम संपलेलं असतं, फिजिशियनकडे जायचं कारण तिला दिसत नाही. वीसेक वर्षांनी ती माझ्यासमोर येते तेव्हा रक्तवाहिन्या बिघडलेल्या असतात. प्रतिबंध करायचा तर तो या मधल्या वर्षांत, आणि त्याला मोठा खर्चही नाही. बाळाला लस टोचायला आणलं की त्याच खोलीत आईचं बीपी मोजावं. सहा ते बारा आठवड्यांत तिची साखर तपासावी. पुढे दरवर्षी दोन्ही पाहावं. आशाताई भेटल्या की मी हे सांगितल्याशिवाय त्यांना सोडत नाही.

३. ‘काही व्यसन?’ असं विचारू नका

या प्रश्नाला आमच्याकडच्या मावश्या मनापासून ‘नाही’ म्हणतात. ‘मावशी, मिश्री लावता का?’ असं विचारलं, की ‘सकाळ-संध्याकाळ लावते की!’ तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही पूड दात घासायची म्हणून घरात येते, सासूकडून सुनेकडे जाते आणि व्यसनात कुणीच मोजत नाही. निकोटिन मात्र हिरड्यांतून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. केसपेपरवर त्या मावशींपुढे ‘तंबाखू नाही’ असं लिहिलेलं असतं.

चुलीचंही असंच. भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५०च्या दशकात दिल्लीत, फुप्फुसं खराब झाल्याने हृदयाच्या उजव्या बाजूवर येणाऱ्या ताणाचा अभ्यास केला. बायकांमध्येही तो मोठ्या प्रमाणात आढळला आणि संशय चुलीच्या धुराकडे गेला. आता बहुतेक घरांत सिलिंडर आहे, पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं. त्यामुळे ‘गॅस आहे का’ एवढं विचारून भागत नाही.

४. अँजिओग्राफी चांगली आली म्हणून दुखणं खोटं ठरत नाही

मोठ्या धमन्या मोकळ्या आणि तरी छातीत दुखतंय, अशी बाई हमखास ‘मनाचं आहे’ म्हणून घरी पाठवली जाते. याचा मला राग येतो. डॉ. नोएल बेरी मर्झ यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत १९९६च्या सुमारास सुरू झालेल्या ‘वाइज’ अभ्यासाने दाखवलं, की अशा अनेकींच्या हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्या नीट काम करत नसतात आणि त्यांचा पुढचा धोका खरा असतो.

हे इतक्या उशिरा कळलं, कारण आधीचं बरंचसं संशोधन पुरुषांवर झालं होतं. ॲस्पिरिनने पहिला झटका टळतो का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या गाजलेल्या अभ्यासात २२,०७१ डॉक्टर होते, सगळे पुरुष. १९९१ साली हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नाडिन हीली यांनी बायकांकडे होणाऱ्या या दुर्लक्षावर परखड लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची धुरा हाती घेऊन त्यांनी केवळ स्त्रियांवरचा प्रचंड अभ्यास सुरू करून दिला. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की हृदय जपलं जातं, हा समज २००२ मध्ये त्याच अभ्यासाने मोडला. आजही कुणी हृदयासाठी म्हणून त्या मागितल्या तर मी देत नाही.

५. गोळ्या कोण आणतं, ते पाहा

नवऱ्याची बीपीची गोळी संपायच्या आधी घरात नवी पट्टी येते. तिची संपली की ‘पुढच्या बाजाराला आणू’. म्हणून औषधं मी मुलासमोर किंवा नवऱ्यासमोर समजावते आणि ती आणायची जबाबदारी नाव घेऊन त्याच्यावर टाकते. पहाटे पाणी भरणाऱ्या बाईला ‘सकाळी फिरायला जा’ सांगून उपयोग नाही. तो अर्धा तास तिला कोण मोकळा करून देणार, हेही तिथेच ठरवून घेते.

६. झडपेचा आजार लपवून लग्न लावू नका

लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्यातून हृदयाची झडप आकसली, असं आपल्याकडे मुलींमध्ये पुष्कळ दिसतं. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत राहिलं तर पुन्हा होणारं नुकसान रोखता येतं. पण स्थळं येऊ लागली की घरचे इंजेक्शन बंद करतात, सासरी कळू नये म्हणून. मग सातव्या महिन्यात तिला दम लागतो, रात्री उशा रचून बसावं लागतं, आणि सगळे म्हणतात, ‘पोटुशीला दम लागतोच.’ आडवं झाल्यावर वाढणारा दम गरोदरपणाच्या नावावर सोडून देऊ नये. त्याच दिवशी टू-डी एको करावा. झडप योग्य असेल तर मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करता येते, गरज पडल्यास गरोदरपणातही. सासूबाई सोबत असतील तर मी त्यांनाच पडद्यावर ती झडप दाखवते आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख त्यांच्याच हाती लिहून देते.